पाळण्यातला पाहुणा

माझं लग्न ठरायच्या आधीच आमच्या घरात पाळणा हलायला लागला.

(पुढे वाचण्याआधी मनात भलतंसलतं आणू नका. पाळण्यात मासा होता.)

आता माळ्याच्या घरी मासा, तोही पाळण्यात, हे काही रोज घडणारं नव्हे. आमचा मळा अमरावतीहून बडनेऱ्याच्या वाटेवर, घराला लागूनच. वांगी, मेथी, सांबार (पुण्याची मंडळी याला कोथिंबीर म्हणतात, म्हणू देत). बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. मासा आम्ही पाहिला होता तो फक्त भिंतीवरच्या दशावताराच्या चित्रात, आणि त्याच्याही अर्ध्या अंगाला देव जोडलेला होता.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. सरकारी कामासाठी सगळे नागपूरकडे बघायचे, पण आमचं घर त्या वर्षी अकोल्याकडे डोळे लावून बसलं होतं. अकोल्याचे सखारामजी नावाचे एक फुलमाळी, त्यांची मुलगी कमळा, आणि माझ्यासाठी तिचं बोलणं चाललेलं. आमच्यात मुलीचा बाप मुलाला फारसा बघत नाही. मुलाला काय बघायचं? दोन हात, दोन पाय, एक तोंड, सगळ्यांना सारखंच! तो बघतो विहीर. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकतं, त्यावरून पोरगी त्या घरात सुखाने राहील की डोक्यावर घागर घेऊन गावभर हिंडेल, हे ठरतं. चैत्री पौर्णिमा झाली की सखारामजी विहीर बघायला येणार होते.

आमची विहीर अशी की तिच्याकडे बघून कुणीही पोरगी दिली असती. मी त्या भरवशावर निवांत होतो. आणि अशात मामा आला.

दौलतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बडनेऱ्याला रेल्वेत होता, तिथून कुणाच्या तरी नादाने आफ्रिकेतल्या रेल्वेत गेला. कित्येक वर्षांनी परत आला तो तांग्यातून. सामान असं काही नाहीच. छातीशी दुधाचा डबा धरलेला आणि तो सारखा हलवत होता. तांगेवाला आमच्या दारात उतरला तोच कपाळावर हात मारून.

"हा कोन मानूस हाये बाप्पा तुमचा? चांगला रस्ता सोडून मले म्हनते, खड्ड्यातून घे! खड्डा दिसला नाई का म्हनते, शोध!"

मामाने आईला रामराम केला नाही, बाबांच्या पाया पडला नाही. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "नारायना, हालव. थांबू नको. थांबला का तो मेला."

"कोन मेला?"

"हालव आंधी, मंग इचार!"

मी हलवू लागलो. मामाने परात मागवली आणि माझ्या हातातला डबा घेऊन त्यातलं सगळं पाणी परातीत ओतलं. पाण्यात काही नव्हतं. आई म्हणाली, "दौलत, तुह्यं डोकं उन्हानं गेलं काय रे?" तेव्हा मामाने तो रिकामा डबा उलटा धरून तिच्या डोळ्यांपुढे नेला. डब्याच्या बुडाला, छताला पाल चिकटते तसं, बोटभर लांबीचं काहीतरी लटकत होतं. मातकट रंग, अंगावर काळे ठिपके, तोंडाजवळ बारीक मिशा. आणि ते तोंड समोर नव्हतंच, पोटाखाली होतं, गोल, वाटीच्या बुडासारखं. त्या तोंडाने त्याने पत्रा धरून ठेवला होता. मामाने डबा झटकला. मासा पडला नाही.

मामाने भराभर पाणी परत भरलं, डबा माझ्या हातात कोंबला आणि सांगायला बसला.

"तिकडे पुलाचं काम चालू होतं बाई. पाय सटकला, गेलो नदीत. ती नदी तुह्या वर्धा नदीसारखी नाई, हत्तीले उचलून नेईन अशी. एका गोट्याले मिठी मारली अन् रामनाम घेऊन राह्यलो. बोटं सुटून राहिली होती. तं माह्या नाकासमोर, त्याच गोट्यावर, हा! याले ना हात, ना पाय. नुसतं तोंड टेकवून बसला, अन् निवांत शेवाळ खाऊन राहिला! मले लाज वाटली. म्हटलं, हा सोडत नाई तं मी काहून सोडू? लोकायनं दोर टाकेपर्यंत मी याच्याकडेच पाहून धरून राह्यलो."

"हाच होता काय तो?" आईने डोळे पुसत विचारलं.

"हा नाई तं याचा भाऊ असन. पन याले धावतं पानी लागते. उभ्या पान्यात गुदमरते हा. बोटीवर मी लोट्यानं वरून पानी ओतत होतो, गाडीत डबा हालवत होतो. मी झोपलोच नाई बाई." एवढं बोलून मामा ओसरीवर आडवा झाला आणि जो झोपला, तो कुंभकर्णाला शिकवणी देईल असा. अधूनमधून एक डोळा उघडायचा, "जिता हाये काय?" विचारायचा, "हाये" म्हटलं की पुन्हा घोरायला लागायचा.

बाबा मळ्यातून आले आणि घरात मासा आहे हे कळताच त्यांनी गळ्यातल्या माळेलाच हात घातला.

"ह्या घरात मासा? मी माळ काढून ठेवू काय मंग? फेका ते बाहेर!"

आई कधी बाबांना उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "माह्या भावाचा जीव वाचवला त्यानं. तो मासा नाई, पाहुना हाये. पाहुन्याले फेकतेत काय आपल्या घरी?"

पाहुणा म्हटल्यावर बाबांचा नाइलाज झाला. पण डबा हलवायचा कुणी? माझे दंड भरून आले, आईचे भरून आले. तेव्हा आईने माळ्यावरून माझा लहानपणीचा पाळणा काढला, त्यात डबा ठेवला आणि दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली. पाळण्याच्या कड्या गंजलेल्या. कुर्रर्र-कुर्रर्र असा आवाज सगळ्या आळीत. वर आई सवयीने अंगाईही म्हणू लागली. (मला लहानपणी ती जितक्या मायेने म्हणायची त्याहून जरा जास्तच मायेने म्हणत होती, असं मला उगाच वाटून गेलं.)

भिंतीपलीकडच्या सीताकाकूंच्या कानाला तेवढं पुरे होतं. लग्नाच्या वयाचा मुलगा, घरात सून नाही, आणि पाळणा हलतोय! काकू काही विचारायला आल्या नाहीत. विचारून खात्री झाली तर मजा जाते. त्यांची बहीण अकोल्याच्या बाजारात बसायची. आमची वांगी अकोल्याला पोचायला गाडी लागायची, ही बातमी गाडीच्याही आधी पोचली.

रात्रीचं पाळण्यावर भागलं, दिवसाचं मी सोडवलं. मोटेची कल्पना माझी. (पुढच्या सगळ्या कल्पना माझ्याच आहेत. घरातले लोक अजून ते विसरू देत नाहीत.) विहिरीच्या काठावर दगडाचं थारोळं होतं. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली गेले की चामड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात भडाडा रिकामी व्हायची. तिथून पाणी पाटाने वाफ्यांत जायचं. म्हटलं, धावतं पाणी हवं ना, घे! मी मासा थारोळ्यात सोडला आणि बैल हाकले.

मोट आली. माणसाच्या पाठीवर पडली तर माणूस बसेल, असा लोंढा नेमका त्याच्यावर पडला. बाबा बाजूला उभे होते. "गेला वाहून. सुटलो," म्हणाले आणि निघाले. पाणी ओसरलं. दगड दिसला. दगडावर तो! तसूभरही मागे सरकलेला नाही. उलट पाण्याकडे तोंड करून, थोडा पुढेच गेलेला.

बाबा परत फिरले. "आनखी एक ओढ रे."

ओढली. पुन्हा तेच. बाबा खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवून. मला बैलांचं बळ माहीत होतं, पाण्याचंही माहीत होतं, लहानपणापासून त्या दोन्हींशीच तर झटत आलो होतो. पण बोटाएवढ्या जिवाने त्या पाण्याखाली असं शांत बसावं, हे काही माझ्या डोक्यात मावेना. बाबांनी मुंडासं सारखं केलं आणि हात जोडले.

"देवाचा पयला अवतार हाच तं होता नारायना. अन् मी फेका म्हनलो!"

झालं! त्या क्षणापासून मासा माझा राहिला नाही, बाबांचा झाला. मोट दिवसभर चालू. मी म्हणायचो, बाबा, वाफे भिजले. ते म्हणायचे, भिजू दे. मी म्हणायचो, मेथी बुडाली. ते म्हणायचे, पोहनं शिकन. सांबार पिवळा पडला. बैल धावेवरून जाताना माझ्याकडे असे बघायचे की मी नजर चुकवायचो. आसपासच्या मळ्यांतली माणसं दर्शनाला यायला लागली. कुणी फूल वाहायचं, कुणी हळदकुंकू. एका म्हातारीने नारळ फोडून त्याचं पाणी थारोळ्यात ओतलं, तेव्हा बाबा तिच्या अंगावर धावून गेले.

आणि एका सकाळी आईने विहिरीत डोकावून किंकाळी फोडली.

विहिरीच्या तळाशी घागर दिसत होती. ही घागर माझी सख्खी काकू (सीताकाकू नव्हे) नवी नवरी असताना हरवली होती. कुणी पाडली यावरून आई आणि काकू वर्षानुवर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. इतक्या उन्हाळ्यांत जी घागर दिसली नाही, ती आता उघड्या खडकावर पसरून पडली होती!

"अवो, त्या अकोल्याच्या मानसाले काय दाखवता आता? घागर?" आईने कपाळ बडवलं. "पोट्टं आपलं बिनलग्नाचं राह्यते!"

मोट थांबवली असती तर पौर्णिमेपर्यंत झरे विहीर पुन्हा भरू शकले असते. पण मग मासा गेला असता, पाळण्यावर तो रात्रच कशीबशी काढायचा. आम्ही तिघं थारोळ्याकडे बघत उभे राहिलो. "बंद करा" हे तिघांपैकी एकाच्याही तोंडातून निघेना. कमळेला मी पाहिलेलं नव्हतं. माशाला पाहिलेलं होतं. तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने?

तेव्हा मला दुसरी कल्पना सुचली. पाणी वाफ्यात जातंय, म्हणून संपतंय. ते वाफ्यात सोडायचंच कशाला? पाट वळवून परत विहिरीत सोडायचा! मोटेने पाणी वर, पाटाने पाणी खाली. मासाही जगेल, पाणीही राहील. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा! आम्ही कुदळ घेतली आणि थारोळ्यापासून विहिरीच्या काठापर्यंत काळ्या मातीतून छान गोल पाट खणला.

पाणी परत विहिरीत जाऊ लागलं, हे खरं. पण जाताना एकटं जाईना, मळ्यातली काळी माती घेऊन जाऊ लागलं. दुपारपर्यंत विहिरीचं उडदाचं वरण झालं. आईने पाळण्याची दोरी सोडून माझ्या हातात दिली आणि देवघरात जाऊन बसली.

आणि नेमके तेव्हाच, पौर्णिमेला अवकाश असताना, सखारामजी आले!

बडनेऱ्याला गाडीतून उतरून ते पायीच आले होते. पाळण्याची बातमी कानावर गेल्यावर त्यांना दम निघाला नव्हता. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, हातात काठी. ते मळ्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि बघत राहिले. बैल खाली गेले, मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडलं, पाटाने गोल फिरलं आणि विहिरीत गेलं. पुन्हा बैल खाली गेले.

"रामराम," ते म्हणाले. "पानी काढून राहिले ना तुमी?"

"हो ना बाप्पा, या, बसा," बाबा मोटेवरून म्हणाले.

"अन् वापस टाकून राहिले?"

"हो."

सखारामजींनी विहिरीत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. "अन् माती कालवून टाकता," ते म्हणाले. "हे कोनाच्या डोक्यातून निंगालं?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सकाळी पाठ थोपटणारा हात तोच!

सखारामजींनी मान हलवली. मला कळलं, संपलं. रीत म्हणून पाणी प्यायचं आणि परतीच्या गाडीला लागायचं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पाय धुळीने भरलेले, म्हणून त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि मी "अवो, तिथं नाई!" म्हणेपर्यंत ते थारोळ्यात उतरले.

मोट आली. लोंढा त्यांच्या पायांवर पडला. पुढच्या क्षणी एवढा मोठा माणूस एका पायावर उडाला.

"जळू! जळू लागली! ओढा तिले!"

"पाय बाहेर काढू नका!" मी ओरडलो. "पान्यातच ठेवा! मरन तो!"

"कोन मरन? मी?"

"तुमी नाई! तो!"

(होणाऱ्या सासऱ्याशी माझं हे पहिलं संभाषण.)

सखारामजींनी पाय पाण्यात ठेवला आणि वाकून बघितलं. नडगीवर, मोटेच्या ऐन माऱ्यात, मिशा हलवत तो बसला होता. पुन्हा मोट आली. सखारामजींचा पाय हलला, काठी हातातून सुटून पाटाने विहिरीत गेली, पण मासा जागचा हलला नाही. मग अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "पाळना कोनासाठी हालते तुमच्या घरी?"

"याच्याचसाठी," आई दारातून म्हणाली. पदराने तोंड झाकून ती रडत होती.

"अन् हे पानी?"

"याच्याचसाठी."

आणखी एक मोट आली. अजून एक. ते हलले नाहीत. पाय काढला तर तो पाण्याबाहेर येईल, म्हणून मुलीचा बाप आमच्या थारोळ्यात धोतर खोचून उभा, आणि बाबा मोट थांबवू शकत नाहीत म्हणून धावेवरून ये-जा करत त्याच्याशी बोलतायत, अशी आमच्या सोयरिकीची बैठक झाली. बाबा वर आले की एक वाक्य बोलायचे, खाली गेले की सखारामजी पुढच्या वाक्याची वाट बघायचे. मध्येच ओसरीवरून मामाचा आवाज आला, "जिता हाये काय?"

"हाये!" या वेळी उत्तर सखारामजींनी दिलं.

मग माशाला काय वाटलं कोण जाणे, तो आपणहून सुटला आणि उलट्या पाण्यात चढत आपल्या दगडावर जाऊन बसला. सखारामजी बाहेर आले, नडगीवरचा लाल गोल बोटाने चाचपत. "याले कोनं शिकवलं असन हे?" ते म्हणाले.

गुळाचा खडा तोंडात टाकून, पाणी पिऊन ते बाबांना म्हणाले, "पाहा बाप्पा, तुमच्या विहिरीत पानी कमी हाये. अकलीत तं त्याहून कमी हाये. पन बोटभर पाहुन्यासाठी ज्या घरानं विहीर उपसली, त्या घरात माही पोरगी तहानेनं मरनार नाई. देल्ली पोरगी. अन् हे पहा, पाटात कवेलू उलटी मांडा. माती जानार नाई."

गोठ्यावरची कवेलू (म्हणजे कौलं) काढून आम्ही त्या संध्याकाळीच पाटात मांडली. पाणी निवळलं, मासा जगला, बैलांना गोठ्यात ऊन लागायला लागलं, आणि वैशाखात माझं लग्न लागलं.

लग्नात सासरे जावयाचे पाय धुतात. वाजंत्री थांबली, सखारामजी माझ्यासमोर बसले, तांब्यातून पाण्याची धार पायावर सोडली आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांचे ओठ थरथरत होते. म्हटलं, आता म्हणतील, माझ्या लेकीला सांभाळा.

"मासा कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"बरा हाये मामाजी."

"मंग ठीक," असं म्हणून ते पुन्हा पायाकडे वळले.

पावसाळ्यात मेळघाटातले ओढे भरून वाहू लागले, तेव्हा दौलतमामाने ठरवलं की आता याला त्याचं घर द्यायचं. आम्ही सगळे गेलो. सासरे अकोल्याहून मुद्दाम आले. डोंगरातून पाणी असं कोसळत होतं की कानात दुसरं काही शिरेना. मामाने डबा पाण्यात आडवा धरला. मासा बाहेर आला, एका काळ्या गोट्यावर तोंड टेकवलं, आणि पांढऱ्याशुभ्र लोंढ्याखाली शेपटी जराशी हलवून निवांत बसला. मामाने हात जोडले, बाबांनी जोडले, मीही जोडले. कुणाला जोडले हे मला अजून सांगता येणार नाही. सासरे तर हमसून हमसून रडत होते.

परतताना कमळा गाडीत गप्प गप्प होती. मी म्हटलं, "काय झालं?"

"काई नाई. माह्या पाठवनीले बाप एवढा रडला नाई."

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "अवं, तुह्यासाठी चांगलं घर पाह्यलं ना त्यायनं? चांगला पोरगा पाह्यला?"

तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"बापानं मासा पाह्यला होता," ती म्हणाली. "तुमी तं त्याच्यासंग आले."